मागच्या बाकावरचा धूर

१

कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली, तेव्हा त्यातली इच्छा कोणाची हे विचारायची पद्धत नव्हती. पिंपरीच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. आलेला सुटा भाग मोजायचा, ठोकून बघायचा आणि शक्यतो नापास करायचा, हे माझं काम. ते मी आवडीने करत असे. मग एके दिवशी कारखान्यानेच मला नापास केलं. बरोबरीच्या लोकांपैकी कोणी पोळीभाजी केंद्र काढलं, कोणी एसटीडी बूथ टाकला. मी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथे जाणाऱ्या पोरांना कोणीतरी नेऊन सोडायला हवं होतं.

सकाळी धायरीहून निघायचं. पहिला प्रवासी म्हणजे माझी बायको, हेमा. बुधवार पेठेतल्या एका शाळेच्या ऑफिसात ती कारकून. तिला तिथे सोडायचं, मग डेक्कनवर आणि औंधात पोरं उचलायची आणि हिंजवडी गाठायची.

व्हॅनच्या पुढच्या सीटखाली इंजिन असल्यामुळे पाय भाजत, म्हणून हेमा अगदी मागच्या लांब बाकावर बसायची, डाव्या खिडकीशी. वर्तमानपत्र पसरून त्यावर मेथी निवडायची, नाहीतर मटार सोलायची. तिच्या मते प्रवास म्हणजे रिकामा वेळ, आणि रिकाम्या वेळात भाजी निवडतात. मी आरशातून बघायचो तेव्हा तिचं डोकं खाली असायचं. ते मला बरं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं काही बोलून दाखवत नाहीत.

डिसेंबरात तेजसने पहिली तक्रार केली. हा डेक्कनला चढणारा, कानात कायम वायर.

"काका, मागे सॉलिड स्मोक येतोय. ऑफिसला पोचेपर्यंत डोकं आउट होतं."

"माझ्या ड्रेसला पण वास लागतो," औंधची नम्रता म्हणाली. "आमची लीड विचारते, गॅरेजमधून आलीस का म्हणून."

"मागच्या बाकावर बसू नका," मी म्हणालो.

"आम्ही पुढेच सरकलोय काका. पण हेमाकाकू रोज तिथेच बसतात ना? मटाराची सालं पडलेली असतात."

मुलगी बोलून गेली. मी गाडी बाजूला घेतली आणि मागच्या सगळ्या काचा उघडून आलो.

२

कारण हेमाला वास येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मोठा ताप आला, त्यात केस गेले आणि वास गेला. केस परत आले. तेव्हापासून दूध करपलं, भात लागला, भाजी उतरली, सगळं मीच सांगायचं. एकदा मी कामावरून आलो तेव्हा घरात गॅस भरलेला होता आणि ही शांतपणे पेपर वाचत बसली होती. त्या दिवसापासून मी घरात शिरलो की आधी नाक वर करतो आणि मग चपला काढतो.

डिझेलच्या धुराने माणूस लगेच मरत नाही. डोकं जड होतं, झोप येते. ज्याला वास येतो तो खिडकी उघडतो. ज्याला येत नाही तो मटार सोलत राहतो.

मी तिला सांगितलं, पुढे बस. ती म्हणाली, "पुढे भाजी कुठे पसरू? तुमच्या गिअरवर?"

मग मी गाडी दादामियाँकडे नेली. दादामियाँचं गॅरेज नाना पेठेत. त्यांच्या वडिलांपासून पुण्यातल्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आम्ही दोघंही एकाच वयाचे आणि सारखेच हट्टी, त्यामुळे आमचं जमतं.

"बापूराव, जुनी गाडी आहे. थोडाफार खोकणारच," ते म्हणाले.

"खोकू दे. पण आत नको."

त्यांनी ओलं फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरलं. धूर कोंडला की जिथे भोक असेल तिथून फुसफुस येते. एक आवाज इंजिनापाशी आला, तिथलं पॅकिंग बदललं. दुसरा पाइपच्या वळणावर आला, तिथे वेल्डिंग केलं. मागच्या दाराचं रबर वाळून खडखडीत झालं होतं. चालत्या गाडीच्या मागे हवा ओढली जाते आणि बाहेर पडलेला धूर दाराच्या फटीतून पुन्हा आत येतो, म्हणून तेही नवं घातलं. मी स्वतः फडकं धरून पुन्हा ऐकलं. कुठूनही आवाज नव्हता. कारखान्यात असतो तर पास केली असती.

दुसऱ्या दिवशी पोरं खूश. "काका, एकदम क्लीन," तेजस म्हणाला.

मी त्यांना सोडून परत आलो, गाडी घरासमोर लावली, इंजिन थंड होऊ दिलं. जेवून आलो आणि मागचं दार उघडून त्या बाकाशी वाकलो. वास होता. शिळ्या, उबट धुराचा. मी तसाच वाकून राहिलो तर वास गेला. थोड्या वेळाने परत आला, आणि परत गेला.

३

धूर गळत असेल तर गाडी चालू असताना गळेल. बंद, थंड गाडीत वास येतो म्हणजे तो गादीत मुरला असणार. मी बाकाची गादी काढून उन्हात टाकली, रेक्झिन डेटॉलने पुसलं, फळीला चुना लावला. वास तिथेच. आणि मुरलेला वास येत-जात नाही, तो नुसता असतो.

तेव्हा मी उदबत्तीची चाचणी घ्यायची ठरवली. कारखान्यात बंद खोलीची गळती आम्ही धुराच्या कांडीने शोधत असू. धूर जिकडे वळेल तिकडे फट. गाडीत डॅशबोर्डवर गणपती होता, त्याच्यासमोरची उदबत्ती घेतली. नियम असा, की आधी काहीच चालू नसताना कोरी चाचणी घ्यायची. दारं बंद, काचा बंद, इंजिन बंद, धूर सरळ वर गेला पाहिजे. तो तसा गेला की मग इंजिन चालू करून फरक बघायचा.

दादामियाँच्या गॅरेजमध्ये दुपारी हे केलं. पुढच्या सीटशी धूर सरळ गेला. मधल्या सीटशी सरळ गेला. मागच्या बाकाशी उदबत्ती नेली तेव्हा तो सरळ वर चढता चढता बाकाकडे वाकला. जरा थांबला. मग उलट माझ्याकडे आला. मग पुन्हा बाकाकडे.

"तुमचा हात थरथरतोय," दादामियाँ काचेबाहेरून म्हणाले.

असेल. वय झालं. मी जेवणाच्या डब्यातलं केळं अर्धं कापलं, बाकावर ठेवलं, त्यात उदबत्ती खोचली, देवापुढे खोचतात तशी. आणि बाहेर येऊन दार लावलं. आता गाडीत कोणी नव्हतं. आम्ही दोघं काचेतून बघत होतो. धूर बाकाच्या डाव्या कोपऱ्याकडे ओढला जायचा, थांबायचा, सुटायचा. घाई नव्हती.

"पत्रा तापलाय. गरम हवा फिरते," दादामियाँ म्हणाले.

"मग उजवीकडे का नाही?"

"उजवीकडे सावली आहे."

हे पटण्यासारखं होतं. मी गाडी फिरवून उभी केली. आता ऊन उजवीकडे आलं. केळं तिथेच होतं, धूरही पहिल्यासारखाच. दादामियाँनी बराच वेळ पाहिलं, मग हात पुसायला घेतले. "चहा घ्या," म्हणाले. चहा पिताना ते क्रिकेटवर बोलत राहिले आणि मीही बोललो.

चहा पिताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतः त्या धुराच्या तालात श्वास घेत होतो. म्हणजे तो ताल श्वासाचाच होता. निजलेल्या माणसाचा असतो तसा.

४

मी हेमाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? फक्त पुढे बसायचा आग्रह वाढवला आणि तिने तो नेहमीप्रमाणे बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात, सिंहगड रस्त्यावर गर्दीत अडकलो असताना मागून तिची हाक आली.

"अहो."

"काय?"

"मेथीला वास येतोय."

आरशात तिने जुडी नाकाशी धरली होती आणि ती रडत होती. मागून हॉर्न वाजायला लागले, मला गाडी पुढे घ्यावी लागली. बुधवार पेठेत तिला उतरवताना तिने जुडी पुन्हा हुंगली आणि तिचा चेहरा पडला. "गेला," म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. नस कधीकधी परत जागी होते, म्हणाले, आधी थोडा वेळ, मग कायमची. हे ऐकून हेमाने वाटेत पेढे घेतले. पण नस फक्त गाडीत जागी व्हायची, आणि गाडीतही मागच्या बाकावर, डाव्या खिडकीशी. ते हेमानेच शोधून काढलं. मग ती रविवारी दुपारी, गाडी घरासमोर उभी असताना, पिशवी घेऊन जाऊन बसायला लागली. पिशवीत कॉफी, जायफळ, गवती चहा, चाफ्याचं फूल, नवं कोरं पाठ्यपुस्तक, फिनेलची बाटलीसुद्धा. एकेक वस्तू काढून ती डोळे मिटून हुंगायची.

मी तिला इतकी आनंदात बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मलाही आनंद झाला, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते कोणाला खरं वाटणार नाही.

एकदा मी सहज विचारलं, "आणि धुराचा?"

"कसला धूर?"

"डिझेलचा. तिथे वास आहे."

तिने नाक वर केलं, माझ्यासारखंच. "नाही बाई. सगळ्याचा येतो, पण तसला काही नाही."

मी तिच्या शेजारी वाकून उभा होतो आणि माझ्या नाकात तो उबट धूर भरला होता.

त्याच सुमारास चहाचं लक्षात आलं. हेमा चहा बशीत ओतते आणि फुंकर घालून पिते. माझ्या आईने टोकलं, मी टोकलं, तिने सोडलं नाही. आता ती बशीत ओतायची आणि तशीच ठेवायची, साय धरेपर्यंत.

"फुंकत नाहीस?"

"काय घाई आहे?" ती म्हणाली.

५

पुढच्या रविवारी मी पुन्हा चाचणी घेतली. या वेळी हेमा बाकावर होती.

मी केळ्याचे दोन तुकडे नेले. एकात उदबत्ती खोचून मागे वळवलेल्या मधल्या सीटवर ठेवली, तिच्या तोंडासमोर. दुसरी तशीच तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर, डाव्या खिडकीशी; आज तिला मी उजवीकडे सरकून बसायला सांगितलं होतं. दारं लावून घेतली आणि मी पुढे चालकाच्या सीटवर मागे तोंड करून बसलो. तोंडावर रुमाल धरला, माझा श्वास मध्ये यायला नको म्हणून.

"सत्यनारायण घालताय का?" हेमा म्हणाली. "मग मुक्ताईला तरी बोलवा, आरती तिच्या आवाजात बरी लागते."

मुक्ताई म्हणजे शेजारीण. तिच्या आवाजाबद्दल हेमाचं मत चांगलं नव्हतं. हेमा बोलत होती, ओठ हलत होते, शब्द ऐकू येत होते. आणि तिच्या तोंडासमोरचा धूर सरळ वर जात होता, छतापर्यंत, सुतळी ताणल्यासारखा. तो जराही हलला नाही.

शेजारचा धूर हलत होता. आत, थांब, बाहेर.

मी स्वतःला सांगितलं की तिची उदबत्ती लांब आहे. उठून जवळ सरकवली, तिच्या ओठांपासून वीतभरावर. धूर सरळच.

"हेमा, जरा फुंकर मार."

"कशाला?"

"त्या उदबत्तीवर. हळूच."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती शाळेतल्या बेशिस्त पालकांकडे बघत असणार. "गणपतीपुढची उदबत्ती ना ही? देवाच्या उदबत्तीला तोंडाने फुंकतात का? एवढंही कळत नाही?"

चूक माझीच. विडी पेटवून आणली असती तर तिने फुंकर मारली असती आणि एकदाचा निकाल लागला असता. मला रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

माझा चेहरा बघून हेमाला हसू फुटलं. ती हसायला लागली की थांबत नाही, खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं. तिच्या समोरचा धूर उभाच राहिला. शेजारच्या, जिथे कोणी नव्हतं तिथल्या धुराचे मात्र तुकडे तुकडे झाले, तिच्या हसण्याच्या प्रत्येक उचकीबरोबर एक.

मी दार उघडलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. मला भीती वाटत होती आणि ती कशाची हे नीट सांगता येत नव्हतं.

६

बाक काढून टाकायचा, हे मी ठरवलं. सदोष भाग आहे, तो काढावा, यापलीकडे विचार केला नाही. सकाळी पाना घेऊन गाडीत शिरलो. हेमा स्वयंपाकघरात होती, खिडकी उघडी, कुकरची शिट्टी होत होती. बाक जमिनीला नटांनी आवळलेला होता. जुने, गंजलेले नट, तेल सोडून सोडवावे लागले. शेवटचा निघाला तेव्हा मी बाकाची एक बाजू उचलली.

घरात भांडं पडलं. गोल फिरत फिरत थांबलं, ते मी ऐकलं.

मी आत गेलो. हेमा ओट्याला टेकून खाली बसली होती. तोंड उघडं. खोकत नव्हती, कण्हत नव्हती, कसलाच आवाज नव्हता. छाती हलत नव्हती. डोळे मात्र जागे होते आणि ते माझ्याकडे बघत होते, काहीतरी करा म्हणून. मी तिच्या पाठीवर थापा मारल्या. हाका मारल्या. ओठ निळे पडायला लागले.

फोन आतल्या खोलीत होता. मी तिकडे गेलो नाही. मी उलट बाहेर पळालो, गाडीत चढलो, बाक खाली दाबला, त्यावर गुडघे रोवले आणि हाताने, मग पान्याने, नट आवळत सुटलो. हे का केलं ते मला त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आत्ताही कोणी विचारू नये.

परत गेलो तेव्हा ती जमिनीवर सांडलेला भात गोळा करत होती.

"चक्कर आली जरा," ती म्हणाली. आवाज नेहमीचा. मग हात थांबवून म्हणाली, "तुम्ही मला तशी टाकून कुठे पळालात?"

मी खाली बसून तिच्याबरोबर भात गोळा करायला लागलो. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पण ती तो विसरलेली नाही, हे मला माहीत आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली. श्वास घ्या, म्हणाले. नळीची जागा बदलली. पुन्हा घ्या. पुन्हा बदलली. मग नळी कानातून काढून, बिघडली की काय म्हणून, नळीवरच बोटाने टकटक करून पाहिलं. "हवा गार आहे," म्हणाले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

७

नंतर हिंजवडीच्या कंपन्यांनी जुन्या डिझेल गाड्या घेणं बंद केलं. तेजस अमेरिकेला गेला, नम्रताने स्वतःची स्कूटर घेतली. मी हल्ली दुसऱ्याची गाडी चालवतो. व्हॅन घरासमोर उभी आहे. गणपती घरात आणला.

हेमाला आता घरातही वास येतात. दूध करपलं की ती मला हाक मारते. लोक विचारतात, कसं काय बरं झालं, तेव्हा ती कौतुकाने गाडीकडे हात दाखवते आणि लोक हसतात. रात्री ती कुशीवर वळून काही बोलायला लागली की तिच्या तोंडाला किंचित धुराचा वास येतो. मी तोंड फिरवत नाही.

दादामियाँ वर्षातून एकदा येतात. गाडी विकायचा विषय त्यांनी सोडून दिलाय. त्या दुपारनंतर त्यांनी मला कधी कारण विचारलं नाही आणि ते मागच्या दारातून आत जात नाहीत. बाकाखालचा पत्रा गंजतो, त्याला ते खालून, रस्त्यावर पाठ टेकून ठिगळ मारतात. यंदा ते गाडीखालून बाहेर आले आणि तसेच जमिनीवर बसून राहिले.

"बापूराव, वेल्डिंग धरायला पत्राच राहिला नाही," ते म्हणाले. "नवीन फ्लोअर टाकायचा तर बाक काढावा लागेल."

"बाक काढायचा नाही."

"मग मी काय करू?"

"खालून टेकू लावा."

त्यांनी टेकू लावला. लाकडाचा आहे, वाळवी लागू नये म्हणून मी त्याला डांबर फासलंय.

थंडीच्या दिवसांत मी हेमाच्या आधी उठतो आणि बाहेर जाऊन गाडीकडे बघतो. सगळ्या काचा स्वच्छ असतात. फक्त मागची डावी काच आतून धूसर झालेली असते. मी बघत असताना ती हळूहळू निवळते आणि मग परत धूसर होते. पूर्वी सगळी काच भरायची. आता खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढीच भरते, आणि मध्ये बराच वेळ जातो. त्या वेळात मी फाटकाचा गज धरून उभा असतो.

काच पुन्हा धूसर झाली की मी आत येऊन चहा टाकतो. हेमा उठते, बशीत ओतते आणि पेपर उघडते. मी तिची बशी माझ्याकडे ओढतो आणि फुंकर घालून तिच्यासमोर ठेवतो. ती पेपरमधून वर न बघता पिते.